दाढेतील चांदी आणि शरीरातील व्याधी

पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहिणीला सकाळी उठताच थकवा जाणवतो. हातापायांना मुंग्या येतात, डोके जड राहते, रात्री झोप मोडते, स्वयंपाकघरात गेल्यावर कशासाठी आलो हेच आठवत नाही. एक-दोन वैद्यकीय तपासण्या होतात. ‘विशेष काही नाही’ असे उत्तर मिळते. औषधांच्या पाकिटांची संख्या मात्र वाढत जाते. अशा वेळी कोणी तरी आप्त विचारतो, ‘‘दाढांत चांदी भरलेली आहे का? तिच्यात पारा असतो. ती काढून टाका, सगळे बरे होईल.’’ अनेक महिन्यांच्या अनिश्चिततेनंतर प्रथमच कोणी तरी दुखण्याचे एक निश्चित कारण दाखविलेले असते. त्यामुळे हा सल्ला मनाला पटकन पटतो.

हा सल्ला आज पुष्कळ कुटुंबांत दिला जातो आणि काही कुटुंबांत अमलातही येतो. तो बरोबर की चूक, हे केवळ विश्वासावर किंवा केवळ उपहासावर ठरविणे योग्य नाही. या प्रश्नाची पद्धतशीर परीक्षा झालेली आहे आणि तिचे निष्कर्ष सामान्य माणसाला समजतील इतके सरळ आहेत.

चांदी म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेत जिला दाढेतील चांदी म्हणतात, ती शुद्ध चांदी नसते. दंतवैद्यकात तिला अमाल्गम असे नाव आहे. चांदी, कथील व तांबे यांच्या मिश्र भुकटीत पारा कालवला की मऊ गोळा तयार होतो. तो किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवितात आणि काही वेळात तो घट्ट होतो. या भरावाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचा असतो. पारा इतर धातूंशी संयोग पावून बांधला गेलेला असतो, तथापि तो पूर्णपणे निश्चल होत नाही. अन्न चावताना, दात खाताना किंवा फार गरम पेय घेताना भरावाच्या पृष्ठभागावरून पाऱ्याची अत्यल्प वाफ सुटत राहते.

पाश्चात्त्य जगात हा भराव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. 1833 च्या सुमारास क्रॉकर बंधूंनी तो अमेरिकेत नेला आणि लगेच वादही सुरू झाला. 1840 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील दंतचिकित्सकांच्या पहिल्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या सभासदांकडून तो न वापरण्याची प्रतिज्ञा घेतली. परंतु सोन्याचा भराव सामान्य माणसाला परवडणारा नव्हता आणि हा नवा भराव स्वस्त, टिकाऊ व बसविण्यास सोपा होता. प्रतिज्ञेवरून मतभेद वाढत गेले, सभासद पांगले आणि 1856 मध्ये ती संस्थाच विसर्जित झाली. 1859 मध्ये दुसरी संस्था स्थापन झाली. तीच आजची अमेरिकन डेंटल असोसिएशन. तात्पर्य, भरावातील पाऱ्याविषयीची शंका भरावाइतकीच जुनी आहे.

शंका निराधार नव्हती

पाऱ्याचे विष हे काल्पनिक संकट नाही. युरोपात टोप्यांसाठी केसाळ कातडे पाऱ्याच्या क्षाराने कमावणाऱ्या कारागिरांना कंप सुटे, त्यांचा स्वभाव चिडखोर व भित्रा होई आणि स्मृती मंद पडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान मुलांना दात येताना दिल्या जाणाऱ्या काही पुडींत पाऱ्याचा क्षार असे. त्यामुळे हातपाय गुलाबी होऊन सोलवटणारा आणि मुलाला असह्य बेचैन करणारा आजार होई. त्या पुडी बाजारातून गेल्या आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने माशांतून माणसांच्या शरीरात प्रवेश केला. 1956 मध्ये त्या भीषण रोगाची अधिकृत नोंद झाली.

भरावाशी थेट संबंध असलेले एक नाव म्हणजे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पाऱ्याची उपकरणे हाताळल्यामुळे त्यांना डोकेदुखी, चक्कर आणि विस्मरण यांनी ग्रासले होते. कारण उमगल्यावर त्यांनी 1926 मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयी लेख प्रसिद्ध केला आणि दातांतील भरावाकडेही बोट दाखविले. तेव्हा ही शंका घेणाऱ्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र पारा विषारी आहे हे मान्य केल्यावर दोन प्रश्न उरतात. तो कोणत्या रूपात आहे आणि किती आहे? मिनामातामधील पारा सेंद्रिय रूपातील, म्हणजे मिथाइल मर्क्युरी होता. तो अन्नमार्गातून जवळजवळ संपूर्ण शोषला जातो. दाढेतून सुटतो तो धातुरूप पारा. भरावाचा तुकडा गिळला गेला तरी त्यातील पारा अन्नमार्गातून नगण्य प्रमाणात शोषला जातो. वाफ मात्र फुप्फुसांत गेली की तिचा सुमारे 80 टक्के भाग रक्तात उतरतो. म्हणून भरावाच्या बाबतीत हिशेब करावयाचा तो वाफेचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1991 मधील अहवालानुसार भराव असलेल्या माणसाच्या शरीरात त्यांपासून दिवसाला सुमारे 3 ते 17 मायक्रोग्रॅम पारा जातो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भरावांची संख्या व दात खाण्याची सवय यांनुसार हा आकडा कमी-अधिक होतो. या मार्गाने आलेला पारा मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडतो. भराव असलेल्या बहुतेक माणसांच्या लघवीत त्याचे प्रमाण लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या आत असते. पाऱ्याच्या कारखान्यांत ज्या कामगारांना कंप व विस्मरण झाले, त्यांच्या लघवीतील प्रमाण याच्या अनेक पट अधिक होते.

शाकाहारी कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जगात इतरत्र माणसाच्या शरीरातील पाऱ्याचा मोठा वाटा माशांतून येतो आणि तो प्रामुख्याने रक्ततपासणीत दिसतो. ज्या घरांत मासे खाल्लेच जात नाहीत, तेथे हा वाटा जमेला धरावा लागत नाही. अशा घरांत पाऱ्याचा मुख्य स्रोत भरावच असू शकतो, हे खरे. पण त्यामुळे भरावातून येणारा पारा वाढत नाही. एकूण रक्कम लहानच राहते, केवळ तिच्यातील भरावाचा टक्का मोठा दिसतो.

काठी सुटल्याची कथा

डिसेंबर 1990 मध्ये अमेरिकेतील एका अतिशय लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘तोंडात विष आहे काय?’ असा प्रश्न विचारणारा भाग दाखविला गेला. त्यात मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार असलेल्या एका स्त्रीने भराव काढल्यावर लगोलग आपली काठी सुटल्याचे सांगितले. लाखो लोकांनी ते पाहिले आणि दंतवैद्यांकडे भराव काढण्यासाठी विचारणा वाढली. कोलोरॅडोमधील हाल हगिन्स हे दंतवैद्य तर अनेक वर्षे भरावांवर नाना व्याधींचा ठपका ठेवून ते काढण्याचा प्रचार करीत होते. 1996 मध्ये त्यांचा व्यवसाय-परवाना रद्द करण्यात आला.

त्या स्त्रीला बरे वाटले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कार्यकारणाचा हिशेब तपासला पाहिजे. भराव काढताना तो दंतवैद्याच्या यंत्राने कापला जातो. त्या घर्षणात वाफ व सूक्ष्म कण उडतात. त्यामुळे भराव काढल्यानंतर काही दिवस रक्तातील पारा कमी होत नाही, उलट तात्पुरता वाढतो. पुढे तो उतरू लागतो, परंतु शरीरातील पाऱ्याची पातळी निम्म्यावर येण्यास साधारण दोन महिने लागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी आलेला आराम पारा गेल्यामुळे आलेला असू शकत नाही. शिवाय हा विकार बहुतेक रुग्णांत लाटेसारखा वागतो; काही आठवडे बळावतो, मग काही महिने आपणहून ओसरतो. ओसरण्याच्या वेळी जो उपचार चालू असेल, त्याला यश मिळाल्यासारखे दिसते.

परीक्षेचा कौल

एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून निर्णय करता येत नाही, तेव्हा समान परिस्थितीतील माणसांचे गट करून त्यांची तुलना करावी लागते. अशा काही तुलना या विषयात झालेल्या आहेत.

2006 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मुलांवरील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील 6 ते 10 वर्षांची 534 मुले होती, दुसरीत पोर्तुगालमधील लिस्बनची 8 ते 10 वर्षांची 507 मुले. किडलेल्या दातांत कोणाला चांदी भरावयाची आणि कोणाला पांढरा भराव, हे चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरविले होते. पहिल्या गटाचे 5 वर्षे, दुसऱ्याचे 7 वर्षे निरीक्षण झाले. बुद्ध्यंक, स्मृती, लक्ष व मज्जातंतूंचे कार्य यांत दोन्ही भरावांच्या मुलांमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. लघवीतील पारा मात्र चांदीच्या गटात अधिक होता. अमेरिकेतील चाचणीत पाच वर्षांअखेर क्रिएटिनीनच्या दर ग्रॅममागे सरासरी 0.9 मायक्रोग्रॅम, तर पांढऱ्या भरावाच्या गटात 0.6. फरक मोजण्याइतका होता, आजारी पाडण्याइतका नव्हता.

प्रौढांविषयी स्वीडनमधील एक अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुळ्या भावंडांपैकी 587 व्यक्तींची तपासणी झाली होती. जुळ्यांचे आनुवंशिक गुण व बालपण बरेचसे समान असते, म्हणून अशी तुलना अधिक विश्वसनीय ठरते. भरावांची संख्या अधिक म्हणून शारीरिक वा मानसिक प्रकृती वाईट, असा संबंध तेथे आढळला नाही.

तरीही एक रास्त आक्षेप उरतो. ‘‘निरोगी माणसांचे सोडा, जे खरोखर त्रासलेले आहेत आणि ज्यांना भरावाचाच संशय आहे, त्यांचे काय?’’ नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील संशोधकांनी शोधले आणि ते 2008 मध्ये प्रसिद्ध केले. भरावामुळेच आपल्याला त्रास होतो अशी खात्री असलेल्या 90 व्यक्ती त्यांनी निवडल्या आणि तीस-तीसचे तीन गट केले. पहिल्या गटाचे सर्व चांदीचे भराव काढले. दुसऱ्याचे भराव काढून शिवाय ‘शरीरशुद्धी’साठी जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या मोठ्या मात्रा दिल्या. तिसऱ्या गटाचे भराव तसेच ठेवले. त्यांना केवळ आरोग्यसंवर्धनाच्या कार्यक्रमात सहभागी करून घेतले.

बारा महिन्यांनी काय दिसले? तिन्ही गटांतील लोकांना बरे वाटू लागले होते. मुख्य तक्रारींच्या मोजमापात पहिल्या दोन्ही गटांची घट सरासरी 3.5 गुणांची होती. भराव तसेच ठेवलेल्या गटाची 2.5 गुणांची. एका गुणाचा हा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान होता. पारा मात्र ज्यांचे भराव काढले त्यांच्याच शरीरात लक्षणीय उतरला होता. ज्यांचा पारा उतरला ते सुधारले आणि ज्यांचा उतरला नाही तेही सुधारले. शुद्धीच्या औषधांनी तर काहीच अधिक पदरात पडले नाही.

नॉर्वेतील संशोधकांचे निरीक्षण याच्या शेजारी ठेवणे न्याय्य होईल. तेथे भरावाचा संशय असलेल्या काही रुग्णांचे भराव काढून तीन वर्षे पाठपुरावा केला गेला; 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या तक्रारी, विशेषतः तोंडाच्या, कमी झाल्याचे आढळले. परंतु उपचार झालेले रुग्ण केवळ वीस होते, आपले भराव काढले गेले हे त्यांना ठाऊक होते आणि सुधारणा नेमकी कशामुळे झाली हे त्या अभ्यासाने ठरविले नाही. म्हणून प्रामाणिक निष्कर्ष असा की, भराव काढल्यानंतर काही लोकांना बरे वाटते, हे सत्य आहे. ते पारा गेल्यामुळे वाटते, हे सिद्ध झालेले नाही.

बरे वाटण्याची इतर कारणे समजण्यासारखी आहेत. दीर्घकाळचे दुखणे चढउतार घेत असते आणि माणूस उपाय शोधतो तो बहुधा दुखणे शिगेला पोहोचल्यावर; त्यानंतर उतार येणे स्वाभाविकच असते. आपले कोणी तरी शांतपणे ऐकून घेतले, यानेही वेदना हलकी होते. कित्येकदा जुन्या भरावाखाली कीड पसरलेली असते; भराव काढताना ती साफ होते आणि तोंडातील ठणका, दुर्गंधी, चावण्याची अडचण दूर होते. तो लाभ खरा असतो, पण श्रेय पाऱ्याच्या नावावर जमा होते.

भराव केव्हा काढावा?

भराव कधीच काढू नये, असा याचा अर्थ नाही. भराव तुटला, त्याच्या कडेने फट पडली किंवा खाली पुन्हा कीड लागली, तर तो बदलणे आवश्यकच असते. दुसरे कारण गालाच्या वा जिभेच्या त्वचेचे आहे. भरावाला टेकणाऱ्या भागावरच पांढरट रेषा, लाल चट्टा किंवा जळजळ असेल, तर ती भरावातील धातूची प्रतिक्रिया असू शकते. तोंडाच्या विकारांचे तज्ज्ञ ती पाहून, गरजेनुसार त्वचेवरील चाचणी करून निदान करतात. अशा रुग्णांत तेवढा भराव बदलल्यावर चट्टा बहुधा बरा होतो. पाऱ्याची खरी ॲलर्जी क्वचित आढळते, पण आढळते. तेथेही भराव बदलणे योग्य.

नवा भराव घालताना मात्र सावधगिरीचा नियम वेगळा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2020 मध्ये काही व्यक्तींना शक्यतो चांदी भरू नये असे सुचविले. गर्भवती व गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, मज्जासंस्थेचा आजार असलेले, मूत्रपिंड दुर्बल असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक त्या यादीत आहेत. त्याच सूचनेत असेही स्पष्ट केले आहे की, सुस्थितीत असलेला जुना भराव वैद्यकीय गरजेवाचून काढू नये. काढताना पाऱ्याचा संपर्क तात्पुरता वाढतो आणि दाताचा निरोगी भागही जातो.

‘‘मग युरोपात चांदीवर बंदी का आली?’’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. नॉर्वेने 2008 मध्ये आणि स्वीडनने 2009 मध्ये पाऱ्याच्या वापरावर बंदी आणली. युरोपीय संघाने जुलै 2018 पासून 15 वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी, तर जानेवारी 2025 पासून वैद्यकीय अपवाद वगळता सर्वांसाठी नव्या भरावांचा वापर थांबविला. या निर्णयांमागे मुख्य विचार पर्यावरणाचा होता. दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आणि दहनभूमीच्या धुरातून पारा निसर्गात जातो; जलाशयांच्या तळाशी जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात आणि पाण्यातील लहान जीवांपासून मोठ्या माशांपर्यंत ते विष साचत जाते. पाऱ्यावरील मिनामाता करार 2013 मध्ये याच भूमिकेतून झाला. भारतानेही 2018 मध्ये त्यास मान्यता दिली. जलचरांच्या रक्षणासाठी पुढे नवे भराव टाळावेत, हे स्वागतार्ह आहे. परंतु ‘पुढे वापरू नका’ आणि ‘आहे ते काढून टाका’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीवरून दुसरी निघत नाही.

काढण्याची किंमत

सुस्थितीतील भराव काढण्याचा खर्च केवळ रुपयांत मोजता येत नाही. प्रत्येक वेळी भराव बदलताना भोवतालचा थोडा निरोगी दात कापला जातो. गेलेला दात परत येत नाही. खड्डा खोल असेल तर आतली नस दुखावते आणि मग रूट कॅनॉल व टोपी यांपर्यंत प्रकरण जाते. सहा-आठ दाढांचे भराव एकदम बदलणाऱ्याला नंतर काही महिने ठणक्याचा अनुभव येऊ शकतो.

याहून धोकादायक आहेत ते शरीरातील पारा ‘खेचून काढण्याचे’ उपचार. त्यांची सुरुवात बहुधा एका फसव्या चाचणीने होते. आधी धातू बाहेर काढणारे औषध देतात, मग लघवी तपासतात आणि येणारा आकडा साध्या लघवीच्या मापाशी ताडून ‘पारा वाढला आहे’ असे सांगतात. औषधाने मुद्दाम वाढविलेला आकडा साध्या मापाशी ताडणे हे मुळातच चूक आहे. अशा औषधांचा खरा उपयोग सिद्ध झालेल्या विषबाधेत, रुग्णालयातील देखरेखीखाली होतो. अन्यथा ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि रक्तातील आवश्यक खनिजेही ओढून नेऊ शकतात. 2005 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अशाच उपचारात एका पाच वर्षांच्या बालकाच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून त्याचा मृत्यू झाला. तो उपचार विषबाधेसाठी नव्हे, स्वमग्नतेसाठी चालला होता.

खरे कारण मागे राहू नये

तथापि सर्वांत मोठी हानी आणखी वेगळी आहे, आणि शाकाहारी कुटुंबांनी तिचा विशेष विचार केला पाहिजे. थकवा, हातापायांच्या मुंग्या, विस्मरण, उदासपणा, जिभेची जळजळ ही लक्षणे पुन्हा वाचून पाहावीत. पाऱ्याच्या नावावर मांडलेली ही यादी बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेची जवळजवळ जशीच्या तशी यादी आहे.

हे जीवनसत्त्व धान्यांत, डाळींत, भाज्यांत, फळांत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. जेथे दुधाचे प्रमाण नाममात्र असते किंवा दूध सोडलेले असते, तेथे शरीरातील साठा वर्षानुवर्षे हळूहळू आटत जातो. वय वाढले की पोटातील शोषणही मंदावते. मधुमेहासाठी घेतलेले मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या हे शोषण आणखी घटवितात. शाकाहारी आहारात फॉलिक ॲसिड भरपूर असल्याने कित्येकदा रक्तक्षय दिसत नाही; हिमोग्लोबिन ठीक म्हणून सारे ठीक असे वाटते आणि इकडे मज्जातंतू झिजत राहतात. वेळीच ओळखले तर गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी ही कमतरता भरून येते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची काही हानी कायमची राहते.

दाढेतील भराव काढण्यात आणि मग ‘आता पारा उतरेल’ या आशेत जे सहा महिने किंवा वर्ष जाते, तो हाच मोलाचा काळ असतो. बी-12 प्रमाणेच थायरॉईडची मंदता, लोहाची कमतरता, नियंत्रणाबाहेरचा मधुमेह, झोपेत श्वास अडणे आणि नैराश्य हीदेखील अशा दुखण्यांची सामान्य कारणे आहेत. त्यांतील बहुतेकांचा शोध साध्या रक्ततपासणीने लागतो, आणि त्या तपासणीचा खर्च एक भराव बदलण्याच्या खर्चाहून फारसा अधिक नसतो. शिवाय ‘विशेष काही नाही’ असे ज्या अहवालावरून सांगितले गेले, त्यात या गोष्टी तपासल्या होत्या की नाही, हे एकदा अहवाल उघडून पाहणे अगत्याचे आहे. पुष्कळदा त्यांतील अर्ध्याही तपासलेल्या नसतात.

म्हणून ज्यांच्या दाढांत चांदी आहे आणि शरीरात जुनी व्याधी आहे, त्यांनी क्रम उलटा करू नये. प्रथम कुटुंबाच्या डॉक्टरांकडून वरील तपासण्या पूर्ण करून घ्याव्यात. त्यानंतर दंतवैद्यांना तीन साधे प्रश्न विचारावेत. भराव तुटला आहे का? त्याखाली कीड आहे का? त्याला टेकलेल्या त्वचेवर चट्टा आहे का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो भराव तसाच राहू द्यावा आणि दर सहा-बारा महिन्यांनी तपासून घ्यावा. एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर तो जरूर बदलावा. तो शक्यतो रबराचा पडदा लावून, भरपूर पाणी व जोराचे शोषण वापरून, तुकड्या-तुकड्यांत काढावा म्हणजे वाफ कमी उडते. आणि त्या जागी नवा भराव पाऱ्याविना घालावा.

घरातील कोणाला ‘चांदी काढ’ असा सल्ला मिळाला असेल, तर त्या व्यक्तीची थट्टा करू नये. तिचे दुखणे खरे आहे. केवळ त्याचे बोट चुकीच्या जागी रोखले गेले असण्याचा संभव आहे. दंतवैद्याची वेळ ठरविण्याआधी तिला रक्ततपासणीसाठी सोबत घेऊन जावे.